जिन पॅलेसमधलं सुतक

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्ही दोघं लहान होतात आणि दूर होतात. त्या दिवसाबद्दल तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. आधी जागेबद्दल.

लंडनमधल्या वेम्बलीच्या आमच्या घरापासून बसने जाण्यासारखा एक जुना पब होता. आजोबा आणि त्यांच्या वर्कशॉपमधले सोबती दर शुक्रवारी तिथे जमत. अशा पबांचे पूर्वज म्हणजे जिन पॅलेस. जिन ही स्वस्त, कडक दारू, आणि ती पिणारे बहुतेक लोक अंधाऱ्या, ओलसर खोल्यांत राहणारे. मालकांनी त्यांच्यासाठी राजवाड्याचा थाट उभा केला: गॅसचे दिवे, मोठाले आरसे, नक्षीदार काचा, चकचकीत लांब काउंटर. बसायला मात्र फारशी जागा नसे. उभ्यानं प्यायचं, पैसे टाकायचे आणि पुढच्याला वाट द्यायची. मूळचे ते पॅलेस आता जवळजवळ उरलेले नाहीत. हा पब नंतरचा, व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या काळातला, पण थाट तोच. त्या झगमगाटात किती संसार बुडाले असतील, हा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही. मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये आजोबा मला म्हणाले होते, "माझा भाऊ आणि माझे मित्र एकदा तरी एका टेबलाशी बसू देत. मी नसलो तरी चालेल." त्यांचा हा धाकटा भाऊ, माझे भाऊजी, लंडनबाहेर बेसिंगस्टोकला राहत. दारू पिणाऱ्यांत दादा बसतात, याचा त्यांना कायमचा राग होता. त्यामुळे ते त्या मित्रांना कधी भेटलेच नव्हते.

अंत्यविधी आटोपल्यावर मी पबकडे जायचं म्हटलं, तेव्हा भाऊजी थांबलेच.

"वहिनी, सुतकात? आणि तेही गुत्त्यात?"

"भाऊजी, त्यांनी एवढंच मागितलं होतं."

"दादांनी मागायचं आणि तुम्ही द्यायचं, जन्मभर हेच पाहिलं मी," असं पुटपुटत त्यांनी गाडी काढली.

पबमध्ये सिगारेटवर नुकतीच बंदी आली होती. धूर गेला होता, पण छत अजून पिवळंच होतं. कोपऱ्यात लाकडी आडोशाची एक खोली होती, तिथे मित्रांनी आम्हाला बसवलं. काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला छोट्या दुधी काचांची फिरती तावदानं होती. पूर्वी अब्रूदार गिऱ्हाइकं कुणाला दिसू नयेत म्हणून ती लावत. मालकिणीने ती आमच्यासाठी हलकेच बंद केली, म्हणजे बाटल्या समोर दिसणार नाहीत. मित्रांनी चीज-टोमॅटोची सँडविचेस मागवली होती. आम्ही फक्त पाणी घेतलं. भाऊजी ताठ बसून होते.

आजोबांचा जुना फोरमन त्यांना म्हणाला, "तुमच्या भावाला काही झेपायचं नाही हो. दोन ग्लास ऑरेंज ज्यूस पोटात गेला की गायला लागायचा."

"घरीही गायचे," भाऊजी म्हणाले. "बेसूर."

"बेसूर? इथली मांजरं पळून जायची!"

भाऊजी हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. बराच वेळ दोघं बोलत राहिले. मग भाऊजी उठले, कोट घेतला आणि कुणाकडे न बघता, एक शब्द न बोलता बाहेर गेले.

फोरमनचा चेहरा लाल झाला होता. "आमचं काही चुकलं का? मी मांजरांचं बोलायला नको होतं."

"नाही, नाही," मी म्हटलं. "दुःखाच्या घरातून निघताना आमच्यात 'येतो' म्हणत नाहीत. तसं म्हटलं तर पुन्हा अशाच कारणाने यावं लागेल, असं मानतात. ते रागावलेले नाहीत. त्यांनी ही जागा आपल्या भावाचं घर मानली."

थोड्या वेळाने एकजण उठला. त्याने ग्लास काउंटरवर नेऊन ठेवला आणि तो मुकाट्याने निघून गेला. मग दुसरा, मग तिसरा. दारात उभं राहून चार-चारदा 'बाय' म्हणणारी ही माणसं! शेवटी फोरमन उठला. सवयीने त्याचा हात माझ्याकडे पुढे आला. तो त्याने मागे घेतला, टोपी घातली आणि खाली मान घालून दाराबाहेर पडला.