खांद्यांचे ठसे

“ती? ती काय बोलणार! सही करेल की.”

आमच्या ऑफिसचे सर वर उभे राहून फोनवर माझ्याबद्दल बोलत होते. मी खाली, चरात. सगळं ऐकू येत होतं.

आधीच सांगते, भास-चमत्कार असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, जिऑलॉजी केलं, जुळे सोलापुरात राहते. एका प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्पासाठी भूकंपाचा धोका तपासायचं काम आमच्याकडे होतं. मातीचे थर कुठे तुटून सरकलेत का, ते बघायला करकंबजवळच्या रानात दोन मीटर खोल चर खणला होता. थर सलग निघाले. ‘हालचालीचा पुरावा नाही’ या वाक्याखाली माझी सही हवी होती.

शेजारच्या शेतात लेंडीखतासाठी रात्री मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढ्यांची मालकीण मंगलमावशी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “पोरी, तुमचा खड्डा अलीकडंच थांबला की. त्या पुढच्या पट्ट्यात माजी मेंढरं बसतच न्हाईत. लई हाकलून बगितलं.”

सर हसले. “मावशी, मेंढरांना नोकरीला घेऊ का?”

“घ्या की. पगार नगं, पाला द्या.”

मीही हसले... वहीत काही लिहिलं नाही.

तर, शेवटच्या दुपारी सरांचं ते वाक्य ऐकलं आणि शिडीकडे वळायला गेले. वळताच येईना. दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना टेकले होते. चराची रुंदी एक मीटर — मीच टेपने मोजलेली. आवाज नाही, मातीचा कणही पडला नाही. छाती फुगवायला जागा नव्हती. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. वर सर बोलत बोलत जीपकडे निघून गेले...

किती वेळ गेला, माहीत नाही. मग मावशी शिडीवरून उतरली आणि तिने माझं मनगट धरलं. “चल पोरी. कवाधरनं नुसती मदोमद हुबी हायस. दोनी बाजूला मोकळंच हाय की!”

बाहेर येऊन मोजलं. एक मीटर. पण दोन्ही भिंतींत, समोरासमोर, माझ्या खांद्यांचे ठसे होते.

“एकदा इकडे टेकली असशील, एकदा तिकडे,” सर म्हणाले. असेलही. आणि असल्या अनुभवाला पुरावा म्हणत नाहीत, हे मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांनी रिपोर्ट पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. “फक्त सही.”

खांदे पुन्हा आवळल्यासारखे झाले. या वेळी मात्र आवाज निघाला.

“सर, चर अजून पुढे न्यायचा. मेंढ्या बसत नाहीत तिथपर्यंत. तोवर मी सही करणार नाही.”