दीड बोट उतरता खांदा

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. पण बाईच्या अंगावरचा कपडा कुठं चुकलाय, ते मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो. इस्लामपुरात माझं शिंप्याचं दुकान होतं, आणि ही अक्कल माझी नव्हे, बायकोची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. अजून नातीच्या मैत्रिणी मासिकातली चित्रं घेऊन येतात आणि विचारतात, "आजोबा, मला अशी बाही शोभेल का?" मी सांगतो, चित्रातल्या बाईचे दंड तुझे नाहीत, आधी आरशापुढं उभी राहा. पोरी रुसतात. रुसू देत. बायकोनं हेच गोड करून सांगितलं असतं. मला ते जमत नाही, आणि या वयात शिकणारही नाही.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी खडकीला पलटणीचे कपडे शिवून परत आलो होतो. तिथं सगळं बराबर लागायचं, डावं तसं उजवं. त्या शिस्तीचा मला लय गर्व. इकडं चोळी मागं पडून पोलक्याचं वेड आलं होतं. फुग्याच्या बाह्या, पुढं बटणं आणि वर पाचवारी पातळ. नऊवारीचा पदर दोन्ही खांदे झाकायचा. पाचवारीत पदर डाव्या खांद्यावर जातो, उजवा उघडा पडतो.

परक्या बाईच्या अंगाला पुरुषानं टेप लावायची रीत नव्हती. म्हणून बायको आतल्या खोलीत सुती दोऱ्यानं माप घ्यायची. तिला अक्षर येत नव्हतं, ती गाठी मारायची. छातीला एक गाठ, कमरेला दोन, खांद्याचे आणि बाह्यांचे दोरे वेगळे. त्या गाठींवर मी कात्री चालवायची. माप घेता घेता तिचं चालू असायचं, "दंड काटकुळं हायेत न्हवं, मग फुगा घे. आनि ती पावडर नगं गं थापू, पिठाच्या डब्यात पडल्यागत दिसतीस. सावळ्या अंगाला हिरवं घाल, बघ कशी उठून दिसतीस." पोरी खिदळायच्या. हे लिहिताना तो आवाज कानात येतो आणि हात थांबतो. थांबू दे.

तर एक दिवस एक ऊसवाला बागायतदार पोरीला घेऊन आला. पोरगी फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेली, तिला म्हसवडच्या मुलींच्या शाळेत बाईंची नोकरी लागली होती. बापानं दुकानाच्या फळीवर मरून रंगाचं कापड टाकलं. कंट्रोलचे दिवस, कापड मोजून मिळायचं, तेवढाच एक तुकडा मिळालेला, दुसरा मिळणार नव्हता.

"आठ दिस बघतो," बाप मला म्हणाला. "शाळंतल्या पोरींनी हसं केलं आनि ही रडत आली, तर माघारी धाडायचा न्हाई. घरात बसंल."

पोरगी खाली मान घालून उभी होती. आत माप घ्यायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. दोरे हातात देताना बायको म्हणाली, "उजव्या खांद्याचा दोरा आखूड हाय, तसाच धरा. आनि डाव्या बाहीला सात चुण्या, उजवीला धा."

मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, बाई चुकली. खांद्याला खांदा जुळत नाही, बाहीला बाही जुळत नाही, पलटणीत असं माप दिलं असतं तर सुभेदारानं तोंडावर फेकलं असतं. मी डाव्या दोऱ्यावर दोन्ही बाजू कापल्या. वर तिला सांगितलंही नाही. शहाणा ना मी.

घालून बघायला पोरगी आली. ती आत गेली, मी बाहेर मशीनवर. पडद्याआडून आवाज आला, "काकी, ह्यो गळा घसरतोय. आता तर जास्तीच दिसतंय."

बायको तरातरा बाहेर आली. "आवं, काय केलंसा ह्ये?"

"दोन्ही बाजू सारख्या केल्या. तुझी चूक हुती."

"तिचा उजवा खांदा दीड बोट उतरता हाय! ल्हानपनी गाडीतनं पडली, हाड वाकडं बसलं. चुण्या जास्ती घातल्या की फुगा वर उचलतो, म्हून सांगितलं व्हतं."

"मग मला खांद्याचं बोलली का न्हाईस?"

"तिनं शपथ घातली व्हती. आनि तुमास्नी सांगितलं असतं तर निम्म्या बाजाराला कळलं असतं."

ते खरं होतं.

पोरगी दारात आली, डोळे भरलेले. "अप्पांनी कवा नीट बघितलंच न्हाई, पदर असायचा. आता दिसलं तर म्हनतील, आसलं घिऊन चारचौघात कशाला जातीस? त्यास्नी तेवढंच निमित्त पायजे."

मी पोलकं मागून घेतलं. खांदा उसवून आखूड केला, ते सोपं. पण उजव्या बाहीच्या दहा चुण्यांना कापड पुरेना. शेवटी पोलक्याचा खालचा घेर चार बोटं कापला, तो बाहीत घातला आणि खाली पलटणीतलं उरलेलं खाकी कापड जोडलं. ते पातळात खोचलं जातं, कुणाला दिसतंय? पोरगी ते बघून डोळे पुसत हसली. "काकी, मी काय परेडला चाललेय व्हय?"

दुसऱ्यांदा घातलं तेव्हा फुगा बरोबर उभा राहिला. तरी काहीतरी खटकत होतं. मी म्हटलं, "उजेडात ये." बायको डोळे वटारत होती. मी बोललोच, "पोरी, तू उजवा खांदा सारखा वर वढतीस, म्हून मान वाकडी दिसती. सोड त्यो खांदा, पडायचा तेवढा पडू दे. मान सरळ ठेव. वर्गात पोरी मानंकडं बघतात."

तिनं खांदा सोडला. बायकोनं वटारलेले डोळे खाली घेतले. तेवढीच मी शाबासकी समजलो. आजही मी पोरींना हेच सांगतो. कपडा तुझ्या अंगाला बेतून घे, आणि मग त्याच्यात ताठ उभी राहा. बाकी सगळी फॅशन नंतर.

पोरगी म्हसवडला गेली. आठ दिवसांनी बाप आला. एकटाच. बायको आतून पडद्याशी येऊन उभी राहिली.

"पत्र आलंय," तो म्हणाला. "म्होरच्या महिन्यात येती म्हनती, आत्ता सवड न्हाई. आनि आसलंच आनखी एक पोलकं धाडा म्हनती. तिथल्या मोठ्या बाईंनी इचारलं म्हनं, कुनी शिवलं." तो फळीवर टेकला. "दादा, येवढं काय हाय वो त्या पोलक्यात?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पडद्यामागून बांगड्या वाजल्या.

"कायबी न्हाई," मी म्हटलं. "कापड चांगलं हुतं."

"मग तसलंच हुडकतो," म्हणाला आणि कंट्रोलच्या दुकानाकडं चालू लागला.