भूलतज्ज्ञाचं पिस्तूल

ह्यांनी आयुष्यभर लोकांना झोपवलं. हे भूलतज्ज्ञ. शिकागोच्या पश्चिमेला एका हॉस्पिटलात उभी हयात काढून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून नेपरव्हिलच्या या घरात आम्ही दोघंच असतो. निवृत्तीनंतर माणसं टोमॅटो लावतात, ब्रिज खेळतात, फार तर गीतेच्या वर्गाला जातात. ह्यांनी पिस्तूल घेतलं.

निमित्त काय, तर आमच्या रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीची काच फुटली. गाडी रात्रभर बाहेर होती आणि मालकानं लॅपटॉप सीटवरच ठेवला होता. आमची गाडी गराजमध्ये असते आणि तिच्यात एक मोडकी छत्री असते. हे मी सांगून पाहिलं. ह्यांचं म्हणणं, आज गाडी, उद्या घर. ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक औषधाचा थेंब रुग्णाच्या वजनाप्रमाणे मोजून दिला, त्याचा हा हिशेब.

ह्यांचे एक मित्र, निवृत्त इंजिनीअर, एका रविवारी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मला समजवायला बसले. म्हणाले, वहिनी, घरात आग विझवायचा लाल सिलिंडर ठेवता ना, तसंच हे. वापरायची वेळ येऊ नये, पण असावं. मी म्हटलं, तो सिलिंडर मला आग समजून माझ्या अंगावर येत नाही. ते हसले आणि आणखी एक अळूवडी वाढून घेतली. मुलीनं तिच्या गावाहून, हर्नडनहून, फोनवर बजावलं की ती वस्तू घरात आहे तोवर तिच्या मुलांना सुट्टीत आमच्याकडे पाठवणार नाही. हे म्हणाले, मग आपण जाऊ तिकडे. ह्यांच्याकडे सगळ्याला उत्तर तयार.

त्यात ह्यांना ऐकू कमी येतं. कानाची यंत्रं आणून वर्षं झाली, पण ती डबीतच. लावली की म्हणे भांड्यांचा आवाज डोक्यात जातो. भांडी मी घासते, तो भाग वेगळा. त्यामुळे पिस्तूल चालवायच्या वर्गाला मलाच शेजारी बसावं लागलं. शिकवणारी एक तरुण मुलगी होती, घट्ट वेणी घातलेली, फार नम्र. ती एक वाक्य बोलायची आणि मी ते ह्यांच्या उजव्या कानात मराठीतून ओरडायची. ती म्हणतेय, समोर कोण आहे हे पक्कं कळल्याशिवाय उचलायचं नाही. ती म्हणतेय, गोळी भिंतीतून पार जाते, पलीकडे कोण झोपलंय ते आठवा. सगळा वर्ग वळून वळून आमच्याकडे बघत होता. हे शांतपणे मान डोलवत होते.

मग प्रत्यक्ष सरावाच्या आधी सगळ्यांना कानांवर घालायला जाडजूड मफ दिले. ज्याला मुळात ऐकू येत नाही, तो ऐकू येऊ नये म्हणून कान झाकून घेतोय, हे बघून हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. त्या मुलीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ती जे सांगत होती ते शहाणपणाचं होतं. पण शहाणपण तिच्याकडे राहिलं आणि पिस्तूल आमच्या घरी आलं. बोटाचा ठसा घेऊन उघडणाऱ्या पेटीत ते दिवाणखान्यातल्या ड्रॉवरमध्ये बसलं.

मराठी घरात आतून कुणी ‘कोण?’ म्हणून विचारलं की उत्तर ‘मी’ असंच असतं. नाव कुणी सांगत नाही. आमच्याकडे तर नावाचा प्रश्नच येत नाही. हे मला ‘अगं’ म्हणतात, मी ह्यांना ‘अहो’, आणि आमची नावं पासपोर्टवर सुखरूप आहेत.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी मी किराणा घेऊन घरी आले. गराजचं दार उघडलं, पिशव्या उचलल्या आणि आत शिरले. दिवाणखान्यातून ह्यांनी विचारलं, “कोण?” मी म्हटलं, “मी.” पुन्हा जोरात, “कोण आहे?” मी पुन्हा म्हटलं, “अहो, मी.” आणि बोळातून वळले. हे सोफ्यासमोर बनियनवर उभे होते. दोन्ही हातांत पिस्तूल, त्या मुलीनं शिकवलं होतं तसंच, आणि त्याचं तोंड माझ्याकडे. पिशवीतून दुधी वर आला होता. मी त्या दुधीकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायची माझी छाती होईना.

ह्यांनी हात खाली घेतले. मला वाटलं, आता हा माणूस मटकन खाली बसेल. तर हे म्हणाले, “बोट ट्रिगरवर नव्हतं.” जसा काही तोंडी परीक्षेत मी प्रश्न विचारला होता. आणि मग वर, नाव सांगायला काय होतं तुला?

मी दुधी ओट्यावर ठेवला आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. हे तीन वेळा येऊन म्हणाले की बोट खरंच नव्हतं. शेवटी मी अट घातली, कानाला यंत्रं लावा, नाहीतर ते पिस्तूल परत करा. आणि काय आश्चर्य, ह्यांनी मुकाट्यानं डबी उघडली. इतकी वर्षं माझ्यासाठी न लावलेली यंत्रं पिस्तुलासाठी लावली. मला राग यावा की बरं वाटावं? दोन्ही झालं. प्रश्न सुटला असं समजून मी दुसऱ्या दिवशी चक्क पुरणपोळ्या केल्या.

पण आता ह्यांना सगळंच ऐकू यायला लागलं. फ्रिज सुरू झाला, कोण? घर गरम करणारं फर्नेस धडधडलं, कोण? छपरावरून खार पळाली, ड्रॉवर उघडला. टपालवाला पायरीवर आला तर हे पडद्याआड उभे. बहिरे होते तेव्हा निदान दुपारी निवांत घोरत होते. आता जेवण झालं की मी आडवी होते आणि हे खुर्ची ओढून बोळाच्या तोंडाशी बसतात. माझ्याच घरात मी खोकत, चपला घासत, कपाटाची दारं आपटत चालते, म्हणजे ती मीच आहे हे ह्यांना कळावं. आमच्याकडे चोर आलाच तर तो माझ्यापेक्षा मोकळेपणानं फिरेल.

एका दुपारी माझा तोल सुटला. मी विचारलं, येणार कोण आहे ते मला एकदा सांगा. त्याचं नाव, गाव, काहीतरी सांगा. ह्यांनी खुर्ची बोळाकडे वळवली. मग म्हणाले, “तू झोपलेली असतेस. कुणीतरी जागं राहायला नको?”

हजारो माणसांच्या उशाशी हे असेच बसले होते, त्यांचे श्वास मोजत, आणि त्यातला प्रत्येक जण ह्यांच्या भरवशावर झोपला होता. आता उशाशी कुणी उरलं नव्हतं, मी सोडून. माझा जीव कळवळला. पण त्या माणसांच्या उशाशी हे पिस्तूल घेऊन बसले नव्हते, हेही मला दिसत होतं, आणि तेवढ्यात वर खार पळाली आणि ह्यांचा हात ड्रॉवरकडे गेला.

मी उठले, पाहुण्यांच्या खोलीत गेले आणि दाराचं बटण दाबून आतून लॉक केलं. लग्न झाल्यापासून ह्यांच्या माझ्यामध्ये मी कधी बंद दार येऊ दिलं नव्हतं. पूर्वी असतं तर ह्यांना कळलंही नसतं. आता तो खट् आवाज स्पष्ट ऐकू गेला. पावलं दारापाशी आली.

“लॉक का केलंस?”

“मला झोपायचंय. भीती वाटते.”

“अगं, मी आहे ना बाहेर. कुणाची भीती?”

“तुमची.”

ह्यांनी ‘काय?’ म्हणून विचारलं नाही. पावलं दारापासून दूर गेली. मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, आणि हॉस्पिटलमध्ये वापरायचे त्या हळू, नीट इंग्रजीत त्यांनी कुणाला तरी फोनवर विचारलं की एकदाही न वापरलेलं पिस्तूल दुकान परत घेईल का. गाडी गेल्याचं मी ऐकलं. तरीही दार उघडायला माझा हात धजला नाही.