सत्तावीस पॉइंट दोनचा पिलर

दिवाळीनंतर माझा उजवा गुडघा दुखायला लागला. आधी फक्त सायकलवरून उतरताना दुखायचा, मग जिना चढताना, आणि संक्रांत येईपर्यंत वर्गात फळ्याजवळ उभं राहूनही दुखायला लागला.

मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. घर शुक्रवार पेठेत. मुलगी नोकरीला पुण्याला गेल्यावर तिची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. पावसाळा संपल्यावर मी ती बाहेर काढली आणि तिच्यावरूनच शाळेत जायला लागले. बाई सायकलवर येतात याची मुलांना चार दिवस गंमत वाटली, मग त्यांना सवय झाली. मला मात्र सकाळची ती वीस-पंचवीस मिनिटं दिवसभरात सगळ्यात जास्त आवडायची. टॉवेलच्या कारखान्यांत कामाला निघालेल्यांच्या सायकली आजूबाजूला असायच्या. यंत्रमागांचा खडखडाट ऐकू यायला लागला की शाळा जवळ आली.

म्हणून गुडघ्याचं मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. दुसरं कारण आई. आईचे गुडघे बावन्नाव्या वर्षी गेले. त्यानंतरची चौदा वर्षं तिने दाराजवळच्या खुर्चीत काढली. बोळातून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायची, हसायची. पण कुणी तिला बाजारात चल म्हणालं की उगाच पदर सारखा करत बसायची. मी आता एक्कावन्न वर्षांची होते.

नवऱ्याच्या ते लक्षात आलंच. एकदा चहा पिता पिता म्हणाला, "स्कूटी घेऊन टाकू या का?"

"कशाला?"

"दुखतंय की तुझं. जिना उतरताना भिंतीला हात लावतेस."

डॉक्टरांनी एक्सरे काढला. वयाच्या मानाने गुडघा चांगला आहे म्हणाले, पण थोडे दिवस सायकल बंद ठेवून बघा. मी रिक्षाने जायला लागले आणि दहा-बारा दिवसांत दुखणं निम्मं कमी झालं. त्याने मला बरं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं, म्हणजे सायकल संपली. आणि आज सायकल, उद्या जिना. आमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. अठरा वर्षं ती माझ्याकडे होती. पुढच्या वर्षी मला तळमजल्यावरचे वर्ग द्यावेत आणि प्रयोगशाळा दुसऱ्या कुणाकडे सोपवावी, असा अर्ज मी लिहिला. मुख्याध्यापिकाबाईंनी तो दोनदा वाचला. "नक्की का?" असं विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला.

मुलगी फोनवर म्हणाली, "तू चालवणार नसशील तर सायकल इकडे पाठवून दे." पाठवायच्या आधी ब्रेक तरी नीट करून घ्यावेत म्हणून एका शनिवारी मी सायकलवरच शाळेत गेले आणि सकाळची शाळा सुटल्यावर ती एमआयडीसीच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली बसणाऱ्या मिस्त्रीकडे नेली. पांढऱ्या मिशांचा, साठीचा माणूस. कारखान्यातल्या कामगारांच्या सायकली त्याच्याकडेच असायच्या. मी सायकल चालवत आले ते तो लांबूनच बघत होता.

"बाई, येवढी खाली सीट ठिवून चालवताय व्हय?"

"खाली कुठे? मुलीपेक्षा मी उंच, म्हणून सीटखाली मुद्दाम लांब पिलर टाकून वर करून घेतलीय."

"कवा?"

"पावसाळा संपल्यावर."

सायकल झाडाला टेकवून त्याने मला सीटवर बसवलं. "टाच पायडलवर ठिवा. पायडल पार खाली न्या. आता पाय सरळ व्हतोय का बघा."

होत नव्हता. गुडघा चांगलाच वाकलेला राहत होता.

मग त्याने सीट ज्या नळीवर बसवलेली असते तो पिलर उपसून काढला. पिलरवर उभे ओरखडे होते, एकाखाली एक उतरत गेलेले. मी ज्या उंचीवर बसवून घेतला होता तिथली खूण वेगळी ओळखू येत होती. तिथपासून तो चांगली तीन बोटं खाली घसरला होता. रोज केसभर घसरत असणार, म्हणून मला कधी कळलं नाही.

"सीट खाली बसलीया तुमची," तो म्हणाला. "गुडग्यावर लई जोर येत आसंल."

मी त्याला गुडघ्याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. मी तिथल्या स्टुलावर बसले.

पिलरच्या बुडाशी त्याने अंगठ्याने काळं पुसलं. आकडा दिसला, सव्वीस पॉइंट आठ मिलिमीटर. पत्र्याच्या पेटीतून त्याने व्हर्नियर कॅलिपर काढला आणि सायकलच्या नळीच्या तोंडात धरला. "द्या इकडे, मी बघते," म्हणत मी तो हातात घेतला. दोनदा मोजलं. सत्तावीस पॉइंट दोन.

"तुमाला येतंय की हे."

"नववीला शिकवते."

"मग सायकलीला कवा लावला न्हाय?"

दोन पोस्टकार्डांच्या जाडीएवढा फरक. गावातल्या दुकानात मी लांब पिलर मागितला, त्यांनी चकचकीत दिला, जोर लावून आवळून दिला. मी आकडा विचारला नाही, त्यांनीही बघितला नाही.

मिस्त्रीकडे दोन पिलर होते. पहिला ॲल्युमिनियमचा, हलका, आकडा बरोबर. पण माझ्या उंचीला लावला तर पिलर किमान किती आत हवा ते दाखवणारी त्याच्यावरची रेघ नळीबाहेर येत होती. ती रेघ आतच राहायला हवी. "भायेर दिसली की पिलर कवा मोडंल सांगता येत न्हाय." दुसरा लांब होता पण बारीक.

"ह्याला पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवतात लोक. मी देत न्हाय. मंगळवारी या, मागवून ठिवतो."

मंगळवारी त्याने साधा स्टीलचा पिलर पुढे केला. उचलल्यावर हाताला वजन लागलं.

"जड आहे हो."

"आसू द्या की. शर्यत लावायचीय का तुमाला?"

मी तो वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी मोजला. तिन्ही ठिकाणी सत्तावीस पॉइंट दोन. त्याने त्याला बोटाने पातळ ग्रीस लावलं, आणि पिलर आवळणारी, हाताने उघडायची आधीची पकड काढून नट-बोल्टची घातली. पुन्हा टाच पायडलवर ठेवून उंची ठरवली. पिलर नळीत शिरतो तिथे त्याने काळी चिकटपट्टी गुंडाळली. "रोज बघा. पट्टी जागेवर आसंल तर पिलर हलला न्हाय."

मला नीट कळलं नाही हे त्याने ओळखलं. "म्हंजे पट्टी आत गेली न्हाय, वर गोळा झाली न्हाय, तर सगळं जागच्या जागी हाय," असं त्याने पुन्हा समजावलं.

आठ दिवस मी शाळेत पोचले की पहिल्यांदा खाली वाकून पट्टी बघायची. हलली नव्हती. गुडघा मात्र पहिले चार-पाच दिवस दुखतच होता आणि मला वाटायला लागलं की हे सगळं मी स्वतःची समजूत घालण्यासाठी केलं. मग तिसऱ्या आठवड्यात एकदा परीक्षानळ्यांचं खोकं घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. टेबलावर खोकं ठेवलं आणि माझ्या लक्षात आलं की ते दोन्ही हातांत होतं. कठड्याला हात न लावता मी दोन मजले चढून आले होते.

मी तशीच खाली मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. "माझा अर्ज परत हवाय."

त्यांनी ड्रॉवर उघडला. "मी पुढे पाठवलाच नव्हता," म्हणाल्या आणि कागद माझ्यासमोर ठेवला. मी स्टाफरूममध्ये जाऊन पेलाभर पाणी प्यायले आणि पुढचा तास सुरू होईपर्यंत काहीच न करता बसून राहिले. बऱ्याच महिन्यांनी असं निवांत बसले होते.

मुलीला सायकल मिळणार नसल्याचं कळवलं. ती म्हणाली, "बरं, मग मी माझी बघते."

मार्चमधल्या एका रविवारी मी पहाटेच निघून वीसेक किलोमीटरवरच्या वळसंगला थोरल्या बहिणीकडे सायकलवर गेले. अक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. आमच्या घरी मराठी-कन्नड दोन्ही चालतं, चिडली की ती कन्नडमध्ये बोलते. सायकल बघून ती बराच वेळ कन्नडमध्ये बोलली. मग पायावर पाणी दिलं आणि गरम भाकरी वाढली. दुपारी मी तिच्या ओसरीवर झोपले. ऊन उतरल्यावर परत निघाले तेव्हा वारा समोरून होता. मांड्या भरून आल्या होत्या, गुडघा शांत होता.