चांदीसकट वजन

राणीसावरगावच्या अलीकडच्या फाट्यावरून आत वळलं की जे गाव लागतं, तिथं सकाळी दहाच्या सुमाराला अंगणवाडी कुठं आहे हे कुणाला विचारायची गरज नाही. आवाजाच्या मागं मागं जायचं. "उड्या मारा रे बेडकांनो! ए, बसून काय उड्या मारायलास, ढुंगण उचल की!" हा आवाज रेणुकाबाईचा. पत्र्याच्या खोलीपुढं वीस-पंचवीस लेकरं टणाटण उडत असतात आणि पन्नाशीला टेकलेली ही बाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढं. गुडघे कुरकुरतात, पण हौस काही जात नाही.

तेवीस वर्षं झाली तिला या नोकरीत. मदतनिसाची जागा रिकामी, त्यामुळं झाडणं, शिजवणं, शिकवणं, वजनं करणं आणि ती मोबाईलमध्ये भरणं, सगळं एकटीच्या अंगावर. तिचा मोबाईल असा हट्टी की रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन हात वर करून उभं राहावं लागतं. गावात म्हणतात, रेणुकाबाई लय तोंडाळ हाय. आहेच! लेकराला बिनआंघोळीचं पाठवलं तर ती त्याच्या आईला भर रस्त्यात झापते. पण एका घरापुढं मात्र हे तोंड गप्प बसायचं, आणि त्या गप्प बसण्यानं एका पोरीच्या जिवावर बेतलं असतं.

ते घर पार्वतीबाईचं. दोन विहिरी, ऊस गंगाखेडच्या कारखान्याला जाणारा, गावात मान. रेणुकाबाई बौद्ध घरातली. ती नोकरीला लागली तेव्हा पार्वतीबाईच्या गल्लीतली लेकरं अंगणवाडीत यायची, खेळायची, आणि खिचडी वाढायची वेळ झाली की त्यांच्या आया त्यांना उचलून न्यायच्या. उघड कुणी काही बोलायचं नाही. "जेवन झालंय घरी त्याचं," एवढंच. पुढं ते हळूहळू मोडलं. लेकरांना भूक कळते, बाकीचं थोडंच कळतंय! पार्वतीबाई मात्र होती तिथंच राहिली. तिच्या घरी गेलं की रेणुकाबाईला चहा मिळायचा तो कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. रेणुकाबाईनं ते एकदा पाहिलं आणि "चहा सोडलाय मी" म्हणून सांगायला लागली. खोटं, साफ खोटं. दिवसाला चार कप लागतात तिला.

त्या घरात लग्नानंतर सात वर्षांनी सून राजेश्री बाळंत झाली आणि अर्पिता आली. "पोरगी झाली का," असं तोंड वाकडं करून म्हणणाऱ्या एका पाहुणीला पार्वतीबाईनं चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं. हे तिचं कौतुक सांगायलाच पाहिजे. नातीवर तिचा जीव होता. एवढा की पोरीचा पाय जमिनीला लागू द्यायची नाही. दिवस उगवला की अर्पिता आजीच्या कडेवर.

वजनाच्या दिवशीही ती कडेवरच यायची, आणि काय थाटात! पायात भरीव चांदीचे तोडे, कमरेला चांदीची साखळी, हातात बिंदल्या, गळ्यात ताईत, वरून जाड लोकरीचा स्वेटर आणि चूं-चूं वाजणारे बूट. सराफाचं दुकानच निघालंय म्हणा ना. खरं तर लेकराच्या अंगावर कमीत कमी कपडे ठेवून वजन करायचं असतं. बाकीच्या लेकरांना रेणुकाबाई उघडं करूनच काट्यावर बसवायची. अर्पिताला मात्र जशीच्या तशी. चांदीला हात लावला आणि उद्या त्यातलं काही हरवलं, तर बोट कुणाकडं दाखवतील हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिवाय त्या कपाची अढीही मनात होतीच. राहू द्या बाई तुमचं सोनंनाणं तुमच्यापाशी! काटा साडेआठ किलो दाखवायचा. मोबाईलमध्ये पोर हिरव्या रंगात यायची, म्हणजे सगळं ठीक. असे चार महिने गेले.

होळी झाली, ऊन तापलं आणि अर्पिताचा स्वेटर निघाला. बिनबाह्यांच्या झबल्यातून तिचा दंड बाहेर आला तो रेणुकाबाईनं पाहिला. नुसती काडी! तिनं खेळवता खेळवता दंड मोजायची कागदी पट्टी काढली आणि अर्पिताच्या दंडाला गुंडाळली. पट्टीला काही चांदीबिंदी कळत नाही. ती सरळ पिवळ्या रंगावर येऊन थांबली, म्हणजे पोर कुपोषणाकडं झुकलेली. पोर वीस महिन्यांची, धरल्याशिवाय उभी राहत नव्हती, आणि आपण तिला हिरवी म्हणून भरत आलो! त्या दुपारी रेणुकाबाईनं आपला डबा तसाच झाकून ठेवला. लेकरांच्या आयांना भर रस्त्यात झापणारी मी, आणि मला कुणी झापायचं, असं तिला झालं.

ऊन उतरायची वाट न बघता ती काटा काखेत मारून पार्वतीबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काय गं बाई, आज वजनाचा दिस न्हाई," पार्वतीबाई म्हणाली.

"न्हाई माय. पण अर्पिताचं पुन्हा करायचंय. समदं काढून."

"कशापायी? आमच्या घरात काय दाण्याचा दुष्काळ पडलाय का?"

"दाणे लय हायत. चूक माझी हाय," रेणुकाबाई म्हणाली. "चार महिने मी तुमची चांदी तोलायले, पोर तोलली न्हाई. तुमच्या दागिन्याला हात लावायचं भ्या वाटलं मला. कशाचं भ्या ते तुमाला बी ठावं हाय. पन त्यात ह्या लेकराचा काय गुन्हा?"

राजेश्री दाराआड उभी होती. तिनं सासूकडं पाहिलं. आता आभाळ फाटणार असंच तिला वाटलं. पण पार्वतीबाई ओरडली नाही. ती उंबऱ्यावर खाली बसली.

"मला ठावं हाय, बाई," ती म्हणाली. "दिसभर कडेवर असती माझ्या. हलकी लागायली हे मला कळत न्हाई व्हय?"

मग तिनं जे सांगितलं ते राजेश्रीनंही कधी ऐकलं नव्हतं. पार्वतीबाईची पहिली लेक अशीच काटकुळी होती. तेव्हा चावडीत वजनं व्हायची. नर्सबाईनं सगळ्या गावासमोर विचारलं होतं, पोरीला खायला घालतीस का न्हाई? बाया हसल्या. त्या दिवसापासून पार्वतीबाईनं लेकीला तिकडं नेलंच नाही. ना वजनाला, ना सुईला. पोर दीड वर्षाची होऊन वारली.

"हिला कुणी तसं बोलू नये म्हनून घातलं समदं अंगावर," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

रेणुकाबाईच्या मनातली अढी कुठं गेली कुणास ठाऊक, नुसतं भरून आलं. ती त्याच उंबऱ्यावर पार्वतीबाईशेजारी बसली. "इथं चावडी न्हाई, माय. आपण चौघीच हाव," ती म्हणाली. पार्वतीबाईनं नाक पुसलं आणि आपल्या हातानं तोडे काढले, साखळी काढली, बिंदल्या काढल्या. काटा आठाच्याही खाली गेला.

दुसऱ्या दिवशी तिघीजणी पोरीला घेऊन एसटीनं गंगाखेडला गेल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तपासलं. रक्त कमी होतं, बाकी मोठं दुखणं नव्हतं. खाते काय विचारल्यावर कळलं की पोर दिवसभर आजीच्या बशीतल्या चहात बुडवलेली बिस्किटं खाते. त्यावरच पोट भरतं, मग भाकरी-वरण नको. औषध मिळालं आणि ताकीदही. चहा-बिस्किट बंद, थोडं थोडं पण दिवसातून पाच वेळा जेवण, वरून तेल-तूप, आणि पोरीला कडेवरून खाली सोडा, तिला जमिनीवर धडपडू द्या. येऊन रेणुकाबाईनं टाकीपाशी उभं राहून आधी वरच्या सुपरवायझर मॅडमना फोन केला आणि आपली चूक सांगून टाकली. बोलणी बसली. ती तिनं मुकाट्यानं ऐकली.

राजेश्री अर्पिताला रोज अंगणवाडीत आणायला लागली. पोर जमिनीवर बसायची, उड्या मारणाऱ्या लेकरांकडं बघून टाळ्या पिटायची, पण खिचडीची वाटी आली की ओठ गच्च मिटायची. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, विमान उडवून झालं. तीन दिवस एक शीत आत गेलं नाही. औषध पोटात, अन्न नाही. रेणुकाबाई रडकुंडीला आली.

"आत्याबाईंनी खाल्ल्याबिगर ती खात न्हाई, बाई," राजेश्री खाली बघत म्हणाली. "बिस्किट बी आधी त्यांनी चावलं की मगच खायची. सवयच हाय तिला."

चौथ्या दिवशी पार्वतीबाई स्वतः आली. अर्पिताला मांडीपाशी घेऊन बसली. रेणुकाबाईनं वाटी पुढं केली. अर्पितानं वाटीकडं पाहिलं, मग आजीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि ओठ मिटले. पार्वतीबाई वाटीकडं नुसती बघत राहिली. खरं सांगायचं तर रेणुकाबाईला त्या घासाचं काडीचं कौतुक नव्हतं. म्हातारीनं आपल्या हातचं खाल्लं काय आणि न खाल्लं काय, तिचं काही अडत नव्हतं. तिला फक्त ते चिमुकलं तोंड उघडायला हवं होतं.

पार्वतीबाईनं खिचडीचा घास उचलला आणि आपल्या तोंडात घातला. चावला, गिळला. अर्पिता आजीचा गुडघा धरून उठली, दोन्ही पायांवर उभी राहिली आणि वाटीत डोकावून तिनं हा एवढा आ केला.

राजेश्रीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. रेणुकाबाईनंही पदर डोळ्यांना लावला.

"रडायलीस काय?" पार्वतीबाई म्हणाली. "मीठ कमी पडलंय हिच्यात."

"आणते की," म्हणून रेणुकाबाई उठली. ती मीठ घेऊन येईपर्यंत वाटी रिकामी झाली होती. पार्वतीबाईनं ती पुढं धरली. "अजून वाढ."

"कुणाला, माय? तुमाला का पोरीला?"

"दोघींना," पार्वतीबाई म्हणाली.