उंब्रजचा अंड्याचा काटा

किश्श्यांचं अंड्यांसारखंच आहे. रोज एखाददुसरा पडतो, आणि वेळेत खपवला नाही तर नासतो! आमच्या अंडी केंद्रात तर दोन्हींचा ढीग पडायचा.

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. मी सांगलीची बी.एस्सी., लग्न होऊन उंब्रजला आले आणि केंद्रात चिकटले. नवरा फौजेत, पठाणकोटला. काम एकच. काट्याच्या वाटीत अंडं ठेवायचं. काटा लालवर गेला तर छोटं, पिवळ्यावर मध्यम, हिरव्यावर मोठं. पदवीचा इतका थेट उपयोग कुणी केला नसेल!

घरी मात्र माझी आठ महिन्यांची चिमी वाळत चालली होती. कराडचे डॉक्टर नुसतं बघून म्हणाले, "महिन्याभरात अंग धरलं नाही तर मिरजेला ॲडमिट." नुसतं बघून, कारण सासूबाईंनी तिला दवाखान्यातल्या काट्यावर ठेवूच दिलं नाही. "पोर तोलायचं न्हाई. दिष्ट लागती!"

म्हणजे गावभरच्या कोंबड्यांची लेकरं मी तोलायची, आणि माझी फक्त डोळ्यांनी. डोळे तर सकाळी एक सांगायचे, संध्याकाळी दुसरंच.

*

केंद्रप्रमुख होते रिटायर्ड सुभेदार. त्यांच्या लेखी ही अंड्यांची खरेदी नव्हतीच, ती भरती होती. आधी बल्बपुढं धरून मेडिकल, मग काटा.

एकदा हौसाअक्काचं गावठी अंडं लालवर गेलं. सुभेदार गरजले, "वजन कम! अनफिट! अगली भरती में आना!"

हौसाअक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं सुभेदार, त्ये आता परत आत जाऊन वाढून येनार हाय व्हय?"

*

खंडेनवमीला सुभेदारांनी काट्याची पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, गूळखोबऱ्याचा नैवेद्य, सगळं साग्रसंगीत.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि काटा जो हिरव्यावर गेला, तो खाली येईना! चिमणीएवढं अंडंसुद्धा मोठं. मला वाटलं, माझीच नजर गेली. बाया खूश. दुपारी काट्यावर मुंग्यांची रांग लागली तेव्हा कळलं, नैवेद्याचा गूळ वितळून वाटीच्या बुडाला चिकटलाय.

"साहेब, सकाळची सगळी परत तोलू?"

"मुंग्या झटका," सुभेदार म्हणाले. "दिल्यालं प्रमोशन मागं घेता येत न्हाई!"

*

एकदा हौसाअक्काच्याच अंड्यानं काटा हिरव्याच्याही पुढं जाऊन अडकला. बल्बपुढं धरलं तर आत दोन बलक! सगळ्या बाया बघायला गोळा झाल्या.

तेवढ्यात दाराशी जीप थांबली. कुटुंब नियोजनवाले साहेब पाणी प्यायला उतरले.

अक्कानं अंडं पदराखाली घातलं. "जुळं हाय म्हून सांगू नगा गं! मुडदं माजी कोंबडी उचलून न्हेतील!"

*

डॉक्टरांनी चिमीला बलक द्यायला सांगितलं होतं. सासूबाई लगेच तयार. "दिऊ की! फकस्त सोमवार म्हादेवाचा, मंगळवार देवीचा, बेस्तरवार दत्ताचा, शुक्रवार लक्षुमीचा, शनवार मारुतीचा, रईवार जोतिबाचा."

"मग बुधवारी?" मी आशेनं विचारलं.

"बुदवारी दिऊया. पर ह्या बुदवारी एकादस हाय."

मी दिवसभर अंड्यांत बसायचे आणि रात्री चिमीची मनगटं चाचपायचे. कालच्यापेक्षा बारीक? की माझाच हात जाड झालाय?

*

महिना भरत आला. चिमीचे कपडे मी पिशवीत भरून ठेवले होते, मिरजेसाठी. त्या दिवशी दुपारी पोस्टात गेले होते, ते बंद दिसलं म्हणून लगेच परतले.

केंद्राच्या मागच्या खोलीत कोंबडखाद्य तोलायचा मोठा तराजू टांगलेला असे. बघते तर एका पारड्यात चिमी! दुसऱ्यात टोपली, आणि सासूबाई तिच्यात एकेक अंडं ठेवतायत. सुभेदार बाजूला अटेन्शनमध्ये उभे.

"आत्याबाई!" मी ओरडलेच. "पोर तोलायचं नाही ना?"

"पोर कोन तोलतंय?" त्यांनी मानही वर केली नाही. "मी अंडी तोलतीया. वजनं गावंनात, म्हून हिला ठिवलीया."

चिमी तराजूची साखळी चावत होती. पारडी हळूहळू सरळ झाली. सासूबाईंनी शेवटचं अंडं ठेवलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि सुभेदारांना म्हणाल्या,

"मागल्या टायमापरीस आठ जास्ती लागली. लिवून ठिवू नगा, दिष्ट लागंल!"