एक्केचाळीस हजारांतले भिंगवाले

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासणारा माणूस गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. भिंगवाले तिथे एकतीस वर्षं बसले होते. नंबरची चिठ्ठी खिडकीतून आत यायची आणि घासून फ्रेमच्या मापाचं झालेलं भिंग त्याच खिडकीतून बाहेर जायचं. त्यांची शाळा आठवीत सुटली होती. त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही, पण चारचौघांत शिक्षणाचा विषय निघाला की त्यांना नेमकं पाणी प्यायला उठायचं असे.

लेकीने हे हेरलं होतं. एका रविवारी तिने प्रकाशशास्त्राच्या मोफत ऑनलाइन वर्गात त्यांचं नाव घालून टाकलं आणि मग सांगितलं.

"अगं, विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात, बाबा."

हे खरंच होतं. मात्र त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की पहिल्या चाचणीत पास झालो तर राहायचं, नाहीतर गुपचूप बाहेर पडायचं आणि पुन्हा या वाटेला जायचं नाही.

संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसले. बायको म्हणाली, "मधल्या सुट्टीत काय खाणार, तेवढं सांगून ठेवा."

वर्ग उघडला आणि कोपऱ्यात विद्यार्थ्यांचा आकडा आला: एक्केचाळीस हजार दोनशे सहा. भिंगवाल्यांना वाटलं, वाचण्यात चूक होतेय. त्यांनी पडदा पुसला. आकडा तसाच. त्यांच्या शेवटच्या वर्गात बेचाळीस पोरं होती आणि तीसुद्धा बाकांवर मावत नव्हती. खाली जगाचा नकाशा होता आणि जिथे जिथे विद्यार्थी, तिथे ठिपका. समुद्रातही एक ठिपका होता. तो एका जहाजावरच्या आचाऱ्याचा निघाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या, एक न्यायाधीश होते, तुरुंगातला एक पहारेकरी होता. कोणी कुठल्याही भाषेत लिहो, खाली ते आपल्या भाषेत उमटत होतं. भिंगवाल्यांनी अक्षरशः तोंडात बोट घातलं.

एकाच वर्गात बसायचं आणि शेजारच्याची ओळख करून घ्यायची नाही, हे त्यांच्या स्वभावात बसेना. म्हणून ते पहिल्यापासून एकेकाची ओळख वाचत सुटले. तीन दिवसांत तीनशे दहा जण झाले.

"बाबा, हजेरी घेताय का?" लेक म्हणाली. "धडा बघा आता."

धडा शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच भिंगावर फूं करून ते कोटाच्या बाहीने पुसलं. "अहो बाई, चरा पडेल," भिंगवाले पडद्याला म्हणाले. पण मग बाईंनी सांगितलं की काचेत शिरल्यावर उजेडाचा वेग कमी होतो आणि म्हणूनच तो वाकतो. त्यांनी व्हिडिओ थांबवला. एकतीस वर्षं त्यांनी उजेड वाकवला होता, हजारो लोकांच्या डोळ्यांपाशी नेमका नेऊन पोचवला होता, आणि तो का वाकतो हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट आपल्या हातात होती, या विचाराने त्यांना रडू येईलसं वाटलं.

चाचणी म्हणजे दोन प्रकारच्या भिंगांतून किरण कसे जातात याची आकृती काढायची आणि समजावून लिहायचं. त्यांनी कागदावर काढून फोटो पाठवला. पण इथली रीत न्यारी. वर्गातल्या तिघांचे पेपर तपासल्याशिवाय स्वतःचे मार्क दिसत नव्हते. दोन पेपर सरळ होते. तिसरा कोणा पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांचा होता, तसं त्यांनी वरच लिहिलं होतं. विषय नव्याने घासूनपुसून घ्यायला आलो आहे, म्हणे. भाषा अशी भारदस्त की भिंगवाले खुर्चीत सावरून बसले. आणि आकृती चुकलेली होती. मधे पातळ असलेल्या वजा नंबरच्या भिंगातून किरण एकत्र येताना दाखवले होते.

आठवीत शाळा सुटलेल्या माणसाने प्राध्यापकाची चूक काढायची? आणि आपलंच चुकत असेल तर? दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान जेवायला बंद असताना, त्यांनी खणातून वजा चारचं भिंग काढलं आणि खिडकीच्या उन्हात कागदावर धरलं. कागदावर सावली पडली, भोवती उजेडाचं कडं. एकत्र येणारा ठिपका कुठेच नाही. हे त्यांना आधीपासून माहीत होतं, तरी त्यांनी चार वेळा धरून बघितलं.

मग घरी येऊन त्यांनी त्या आकृतीचे मार्क कापले आणि खाली लिहिलं: "बाकी उत्तम. पण वजा भिंगातून उजेड पसरतो. एक भिंग उन्हात धरून बघावं, ही विनंती."

त्यांचे स्वतःचे मार्क उघडले. दहापैकी सात. पास. बायकोने ते दोनदा मोठ्याने वाचायला लावले.

दोन दिवसांनी प्राध्यापकांचं उत्तर आलं. "भिंग उन्हात धरून पाहिलं. वीस वर्षं शिकवतोय, पण हातात भिंग धरून फार वर्षं झाली होती. आभारी आहे, सर. आपण कुठल्या कॉलेजात शिकवता?"

भिंगवाल्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. लेक म्हणाली, "सांगा ना काहीतरी." त्यांनी एकेक अक्षर शोधत टाईप केलं:

"शिकवत नाही. मी तुमच्याच वर्गात आहे."